रव्याच्या डब्यातलं रडणं

तारळेकरांची तीन दिवसांची मुलगी रडली सांगलीला, आणि तिचा आवाज आला पुण्यात, विनया ओगलेच्या स्वयंपाकघरातल्या रव्याच्या डब्यातून.

सकाळचे साडेसात वाजले होते. विनयाने उपम्यासाठी झाकण काढलं आणि आतून सणसणीत रडणं बाहेर आलं. तिने झाकण लावलं, रडणं दबलं. पुन्हा काढलं, तर मुलीने मधल्या मध्ये श्वास घेऊन नव्या जोमाने सुरुवात केली होती. विनयाने उपम्याचा बेत रद्द केला आणि पोहे भिजवले.

हे रडणं कुणाचं, असा प्रश्न तिला पडलाच नाही. पडायला हवा होता, निदान जनाची लाज म्हणून तरी. पण आपलं अक्षर आपण ओळखतो तसं तिने ते रडणं ओळखलं, आणि पोह्यांत मीठ दोनदा घातलं.

विनया सत्तेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी, आईवडिलांची एकुलती एक. बाळ ठिपक्याएवढं असताना, आईच्या पोटात रुजण्याआधी, त्याच्यातला आनुवंशिक दोष कापून काढायचा, हे तिचं काम. जनुक संपादन असं त्याचं भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला नुसतं कापणं म्हणत. कापण्यात विनयाचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

तारळेकरांचं घर तंबोरे करणाऱ्यांचं. इतरांचे चाळिशीत केस जातात तसे त्या घरात कान जात. आप्पा तारळेकर बावीस वर्षांपासून ठार बहिरे होते. त्यांचा मुलगा दिगंबर तेहेतिसाव्या वर्षीच उजव्या कानात गुणगुण ऐकत होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती केसभर, केसभर घासून आवाज मोकळा करायचा, याला जवारी काढणं म्हणतात, आणि ते काम कानाचं. कान गेले की तारळेकर माणूस घोडीवर बोट टेकवून जवारी काढू लागे. आप्पांची बोटाने काढलेली जवारी इतरांच्या कानाने काढलेल्यापेक्षा सरस असते असं जाणकार म्हणत. हे वाक्य विनयाने समितीपुढे सांगितलं नव्हतं.

समितीत नऊ माणसं होती आणि ती दीड वर्ष बसली. शेवटी त्यांनी या एकाच घराला परवानगी दिली. बाळाला कुणी विचारलं नाही, कारण तशी सोय नव्हती. विचारलं ते फक्त आप्पांनी, आणि तेही विनयाला. सहीचे कागद घेऊन ती त्यांच्या कारखान्यात गेली होती तेव्हा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "आमची घोडी जास्त घासली गेली तर टाकून द्यावी लागती. परत भरता येत न्हाई. तुमचं कसं असतंय?"

आम्ही अगदी थोडं कापतो, असं विनया म्हणाली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खुणांनी बोलायची सवय होती. दिगंबरने अंगठा आणि बोट जवळ आणून वडिलांना तेवढीशी फट दाखवली. आप्पा त्या फटीकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी सही केली.

चूक झाली ती त्यानंतर. कापल्यावर भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून सहा पेशी काढून तपासल्या. पाच पेशी चोख होत्या. सहावीत मात्र भलत्याच जागचा एक तुकडा नाहीसा होता. त्या तुकड्याचा उपयोग काय, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. असं दिसलं की दोन गोष्टी संभवतात. एक तर सुरी भलतीकडे चालली, नाहीतर काम करणाऱ्याच्या कातडीचा कण नमुन्यात मिसळला आणि तो फरक त्याचाच. यासाठी प्रयोगशाळेत प्रत्येकाचा स्वतःचा नमुना जपून ठेवलेला असतो; ताडून बघायला दोन दिवस लागतात. भ्रूण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीच्या, म्हणजे दिगंबरच्या बायकोच्या, पोटात ठेवायचं होतं. विनयाने अहवालात लिहिलं, सहाव्या पेशीतला फरक हाताळणाऱ्याचा, बाळाचा नव्हे. साक्षीदार म्हणून प्रयोगशाळेतल्या सबनीसने न वाचता सही केली. अकरा वर्षं ते दोघं एकमेकांसाठी अशाच सह्या करत आले होते.

चार महिन्यांनी, एका रिकाम्या दुपारी, विनयाने आपला नमुना ताडून पाहिला. तिच्यात तो तुकडा जागच्या जागी होता, म्हणजे फरक बाळाचाच होता. त्याच दुपारी प्रणालीने हिरव्या साडीतला, पोटावर हात ठेवलेला फोटो फोनवर पाठवला. विनयाने उत्तरादाखल फुलांची चित्रं पाठवली. कापण्यापेक्षाही, सहीपेक्षाही, त्या फुलांची तिला अजून शरम वाटते.

जी गोष्ट तिने माझी म्हणून लिहून दिली होती, ती आता तिच्या घरी आली होती. यात चमत्कार वाटावा असं तिला काही दिसेना.

दुपारी दिगंबरचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "पोरगी लई गुणाची हाय ताई. रडतच न्हाई बघा. नुसतं तोंड उघडती आणि मिटती." मग जरा थांबून त्याने मुद्द्याला हात घातला. त्याला बहीण नव्हती. बाराव्या दिवशी बारसं होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. ताईंमुळे हा दिवस दिसला, तर तो मान ताईंचाच. नाव मंजिरी ठरलंय. मागून प्रणालीने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "वन्सं, यायचं बरं का."

विनयाला आजवर कुणी वन्सं म्हटलं नव्हतं. भाऊच नाही तर भावजय कुठून येणार? तिचे डोळे भरून आले. एका हाताने रव्याच्या डब्याचं झाकण दाबून धरत ती येईन म्हणाली.

पुढच्या दिवसांत डब्याचं वेळापत्रक तिला पाठ झालं. दर अडीच तासांनी रडणं, मग चुकचुकत दूध पिणं, मग एक ढेकर. डबा मांडीवर घेऊन हलवला की रडणं लवकर शमे. प्रयोगशाळेच्या सवयीने तिने डब्यावर चिठ्ठी चिकटवली. पेन्सिलने तारीख, वेळ आणि आपली आद्याक्षरं. आणि खरं सांगायचं तर तिला ते रडणं आवडायला लागलं. त्या दोन खोल्यांत आजवर कुकरखेरीज कुणी ओरडलं नव्हतं. आपण चोरीचा माल कुरवाळतोय हे तिला कळत होतं, तरी ती रजा टाकून घरी राहू लागली.

पाचव्या दिवशी दिगंबरने अक्षरशः किंचाळत सांगितलं की आप्पांना ऐकू यायला लागलंय. बावीस वर्षांनी. सकाळी शेजारच्या बैलाच्या घुंगरांनी ते जागे झाले आणि खाटेवर बसून रडले. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. तिने केलेला बदल पुढच्या पिढ्यांत जाणार होता. तो उलटा, मागच्या पिढ्यांकडे निघाला होता. त्याच वेळी तूरडाळीच्या डब्यात एक म्हातारा खोकला, आणि तो खोकला तिने कारखान्यात ऐकलेला होता.

म्हणजे मुलीला आवाज नव्हता, आता आप्पांनाही नव्हता. पण तारळेकरांकडे कुणाला त्याची खबर नव्हती, कारण त्या घरात बोलायला मुळी आवाज लागतच नसे. खुणांवर सगळं चालायचं. म्हातारा बोलायचा थांबला तर लोक म्हणाले, ऐकण्यात गुंग झालाय.

सातव्या दिवशी फोन वाजला, विनयाने उचलला आणि पलीकडे काहीच नव्हतं. बोलणं आलं ते साबुदाण्याच्या डब्यातून. तिने डबा कानाला लावला. दिगंबर हॉलचं, जेवणाच्या पंगतीचं सांगत होता. त्याच्या उजव्या कानातली गुणगुण थांबली होती. तंबोरा मात्र आज मुका वाटतोय, हवेचा परिणाम असेल, असं तो म्हणाला. विनया फोनमध्ये बोलत होती आणि डब्यातून ऐकत होती. आजच सांगून टाकावं, असं तिच्या जिभेवर आलं. तेवढ्यात डब्यातून त्याचा आवाज आला, "ताई, तुमचं उपकार कुठं फेडू?" आणि ती म्हणाली, त्यात काय एवढं.

त्या दिवशी कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि तिसरी झालीच नाही. वरण करपल्याचा वास आल्यावर तिला कळलं की शिट्टी झाली होती, फक्त उजव्या कानाला डबा लावलेला होता आणि डाव्याला ती ऐकूच आली नव्हती.

आठव्या दिवशी ती रव्याचा डबा पिशवीत घालून प्रयोगशाळेत गेली. अहवाल दुरुस्त करायचा तर अर्जावर मूळ साक्षीदाराची सही लागते. सबनीसने डबा उघडून आत कान घातला, आत मुलगी टाहो फोडत होती, आणि त्याने झाकण नीट बसवून डबा परत दिला.

"रवा जुना झाला की होतं असं," तो म्हणाला.

विनयाने अर्ज पुढे सरकवला. त्याने वाचला. पहिल्यांदाच तो काहीतरी वाचत होता.

"तू लिहिलंस की हा फरक माझा. मी त्याचा साक्षीदार. आता तू म्हणतेस माझा नाही. मग मी काय पाहिलं?"

"तू काहीच पाहिलं नव्हतंस."

"असं कसं? माझी सही आहे." त्याने फाईल काढून दाखवली. सही होती. बाळाच्या नावाच्या रकान्यात पेन्सिलने ओगले असं लिहिलं होतं. अक्षर विनयाचं होतं, पण तिने ते लिहिलेलं नव्हतं. "मूल सुदृढ आहे ना?" सबनीसने विचारलं.

"आहे."

"मग कशाला उकरून काढतेस?" असं म्हणून तो जेवायला गेला. जाताना तो आणखीही काही बोलला, पण तो तिच्या डाव्या बाजूने गेला, त्यामुळे ते काय होतं ते तिला समजलं नाही.

बाराव्या दिवशी डबे अकरा झाले होते. प्रणाली तारळेकरांच्या रक्ताची नसूनही नऊ महिने बाळ तिच्या पोटात होतं, म्हणून असेल, तिचा आवाज शेंगदाण्यांत आला होता. बाकीच्यांत कोण होतं ते विनयाला ओळखू येईना. कुणी जुन्या वळणाच्या मराठीत बैलांना हाकत होतं, कुणी वीणेची तार लावता लावता शिवी हासडत होतं. विनयाने सगळे डबे गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. रव्याचा तेवढा पुढे, शेजारी ठेवला. बारसं दुपारी चारला होतं. आज सांगायचंच, असं तिने जिना उतरताना ठरवलं. बाळाच्या कानात नावाच्या आधी खरं ते सांगायचं, सगळ्यांसमोर, आणि मग झाकण काढायचं. मुलीचं रडणं मुलीला मिळालं पाहिजे, मग आपली नोकरी राहो की जावो. एवढी हिंमत आपल्यात आहे का, याची तिला खात्री नव्हती.

टोलनाक्यावरच्या बाईने खिडकीतून डोकावून सांगितलं की बाळाला उकडत असेल, काच खाली करा. विनयाने काच खाली केली. कराड मागे पडल्यावर रडणं एकदम थांबलं. तिला हायसं वाटलं. मग तिने सहज डब्यावर हात ठेवला, तर पत्रा थरथरत होता. मुलगी रडतच होती. गाडीच्या इंजिनाचा आवाजही येत नव्हता, शेजारून जाणाऱ्या ट्रकचाही नाही. काप दोन होते. चुकीचा तिने आपल्या नावावर घेतला होता. बरोबर असलेल्याने काढून टाकलेला बहिरेपणाही आता आपण होऊन तिच्याकडे आला होता. उरलेला रस्ता तिने एक हात डब्यावर ठेवून गाडी चालवली.

हॉल बाहेरून बेताचा होता. आत शिरल्यावर तो लांब होता, आणि ती बघत असतानाच आणखी लांबत होता, कारण माणसं मावत नव्हती. डाव्या हाताला तारळेकर बसले होते. पहिल्या रांगेत आजचे, त्यांच्यामागे फोटोंत पाहिलेले, त्यांच्यामागे पागोटी आणि बाराबंद्या घातलेले. चाळिशीत कान गेलेली ती सगळी माणसं आता कान टवकारून बसली होती. विनया पुढून गेली की ते हात जोडत. एका पागोटेवाल्याने तर वाकून नमस्कार केला. नव्वदीच्या माणसाने आपल्याला वाकून नमस्कार करावा याची तिला इतकी लाज वाटली की ती जवळजवळ पळत सुटली.

उजव्या हाताला रिकाम्या खुर्च्या होत्या. त्या लहान होत्या आणि मागे जातील तशा आणखी लहान होत जात होत्या. प्रत्येकीच्या पाठीला चिठ्ठी होती. पेन्सिलने तारीख, वेळ, आणि तिची आद्याक्षरं. सगळ्या तारखा अजून यायच्या होत्या.

शेवटी पाळणा आला. झेंडूच्या माळा, वर टांगलेली चिमणी, बाजूला भिंतीला टेकवलेला एक नवा तंबोरा. प्रणालीने पुढे होऊन तिला कुंकू लावलं आणि खुणांनी विचारलं, प्रवासात त्रास झाला का. दीड वर्षाच्या जाण्यायेण्यात विनया त्या खुणा थोड्याफार शिकली होती. नाही, असं तिने सांगितलं. दिगंबर हसत होता. आप्पांनी तिचा हात हातात घेतला, मग अंगठा आणि बोट जवळ आणून त्यांनी तेवढीशी फट दाखवली आणि कौतुकाने मान हलवली. एवढंसंच कापलं, आणि केवढं दिलं, असं त्यांना म्हणायचं असावं. त्या फटीकडे विनयाला बघवेना.

बाकीचे डबे गाडीतच होते; रव्याचा तेवढा तिने बाळाच्या पायाशी ठेवला. लोकांना वाटलं, आत्याने आहेर आणला. मंजिरी जागी होती. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि बरोबर त्याच तालात डब्याचं झाकण थरथरत होतं. ही मुलगी सगळं ऐकत होती, हे विनयाला तिच्या डोळ्यांत दिसलं. बारा दिवस ती सगळ्यांचं ऐकत होती आणि तिचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

विनया वाकली. आत्या कानात नाव सांगू लागली की बायका तिच्या पाठीत गमतीने बुक्के घालतात, ती रीत आहे. पहिला बुक्का प्रणालीचा होता, हलका, लाडाचा. मग बाकीच्या आल्या. मागच्या रांगांमधूनही बायका उठून आल्या असाव्यात, कारण बुक्के वाढत गेले. काही हात काकणांनी जड होते. त्यातल्या एकाचाही आवाज नव्हता. विनयाने तोंड बाळाच्या कानाला लावलं. तिला वाटलं, अजूनही नुसतं मंजिरी म्हणून मोकळं होता येईल. सगळे जेवायला बसतील, आणि रडणं परत घरी नेता येईल. ते घरी नेण्याची तिला भयंकर इच्छा झाली.

मग तिने सांगितलं. तो तुकडा तुझा होता. मी तो कापला, माझा म्हणून लिहिला, आणि नंतर कळूनही गप्प बसले. आपल्या गळ्यातून आवाज निघाला की नाही, निघाला तर तो आपला होता की डब्यातल्या कुणाचा, हे तिला समजायला मार्ग नव्हता. कानात नुसता कापूस भरल्यासारखी शांतता होती.

पाठीवरचे बुक्के थांबले.

तिने मान वळवली. बायकांच्या मुठी हवेत जिथल्या तिथे राहिल्या होत्या. प्रणालीने आपली मूठ हळूहळू उघडली आणि खुणेने विचारलं, काय म्हणालात वन्सं?

विनयाने उत्तर द्यायला हात वर केला आणि दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण काढलं. आत रवा होता. पत्र्याची थरथर थांबली होती. रडणं मुलीकडे परतलं की नाहीसंच झालं, हे विनयाच्या कानांना कळणार नव्हतं. मंजिरीचं तोंड सताड उघडं होतं, चेहरा लालबुंद झाला होता, जीभ कापत होती. दिगंबर बाळाकडे बघत होता. मागच्या रांगांतली पागोटी उठून उभी राहिली होती. भिंतीला टेकवलेल्या तंबोऱ्याच्या तारा हलत होत्या की नाही, ते झेंडूच्या माळांमुळे दिसत नव्हतं.

गर्दीतून वाट काढत आप्पा पाळण्याशी आले. त्यांनी खाली वाकून मंजिरीच्या गळ्यावर एक बोट टेकवलं, घोडीवर टेकवावं तसं, आणि मान वर करून विनयाकडे पाहिलं.